परमुलखातला आपला माणूस

नगर रस्त्याच्या गर्दीतून वाघोलीत शिरले, की वाघेश्वराचे देऊळ लागते. देवळाजवळच पिलाजी जाधवरावांची समाधी आहे. जून 2021 मध्ये वाघोली पुणे महापालिकेत आली, शेतांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या आणि समाधीकडे वळणारी पावले कमी झाली. पण पुण्याहून नगर, पुढे गोदावरी ओलांडून औरंगाबाद, अजिंठ्याचा डोंगर उतरून बऱ्हाणपूर आणि मग नर्मदा, ही उत्तर हिंदुस्थानची जुनी वाट वाघोलीच्याच अंगाने जाते. फौजा या दिशेने गेल्या, तसे काशीचे यात्रेकरूही गेले. अनोळखी मुलखात भरवशाचा माणूस मिळवायचा कसा, हा प्रश्न दोघांपुढेही सारखाच होता.

1735 सालच्या सुरुवातीला पिलाजी जाधवराव बुंदेलखंडाच्या बाजूला बादशहाचा वजीर कमरुद्दीनखान याच्या फौजेशी झुंजत होते. नेमक्या त्याच मोसमात, 14 फेब्रुवारीला, बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई पुण्याहून काशीयात्रेला निघाल्या. मुलाचे सरदार बादशाही फौजेशी लढताहेत आणि आई त्याच बादशहाच्या मुलखातून गंगेला चालली आहे! आज दोन देशांत लढाई पेटली असताना कुणी असा बेत केला, तर घरचेच आधी अडवतील.

तरीही ही यात्रा निर्विघ्न पार पडली. बऱ्हाणपूर, नर्मदा, उदयपूर, नाथद्वारा असे टप्पे करत राधाबाई जयपूरला पोहोचल्या. तिथे सवाई जयसिंगाने त्यांचा मोठा मान ठेवला आणि पुढच्या वाटेची व्यवस्था लावून दिली. महंमदखान बंगश मराठ्यांशी लढलेला सरदार होता, पण राधाबाईंच्या आदरातिथ्यात त्यानेही कसूर केली नाही. मथुरा, कुरुक्षेत्र, प्रयाग, काशी, गया करून 1736 च्या जूनमध्ये त्या पुण्याला परतल्या. या प्रवासाचे राजकीय अर्थ इतिहासकारांनी पुष्कळ उलगडले आहेत. इथे महत्त्वाचे ते एवढेच, की पेशव्यांच्या आईलासुद्धा त्या मुलखात पाऊल टाकायचे तर तिथलाच, तिथे ज्याच्या शब्दाला वजन आहे असा माणूस लागला.

राधाबाईंसाठी जयसिंगासारखा राजा उभा राहिला. चार पैसे गाठीला बांधून पायी निघालेल्या कुळकर्ण्याच्या, पाटलाच्या किंवा विधवा बाईच्या पाठीशी कोण होते? त्यांच्यासाठी तीर्थोपाध्याय होता. आज परदेशी जाणारा माणूस ज्याला स्थानिक गाईड म्हणतो, त्याचे मराठी माणसाच्या आयुष्यातले सर्वांत जुने रूप हे आहे, आणि ते आहे मोठे तालेवार. त्याच्याकडे फक्त पूजा सांगणारा भटजी म्हणून पाहणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

यात्रेकरू प्रयागला पोहोचला, की संगमाच्या वाळवंटात उंच बांबूंवर झेंडे फडकताना दिसत. कुठल्या झेंड्यावर मासा, कुठल्यावर आणखी काही. ज्याला अक्षरओळख नाही, त्यानेही घरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली खूण पाहून आपल्या उपाध्यायाची जागा हुडकावी, अशी ही सोय. तिथे गेले की पहिले प्रश्न ठरलेले: गाव कुठले, आडनाव काय, वडिलांचे नाव काय. मग लांबट, जाडजूड वही बाहेर निघायची. पाने उलटता उलटता उपाध्याय एके ठिकाणी बोट ठेवायचा आणि आजोबांचे नाव, कोणत्या साली आले, बरोबर कोण होते, हे वाचून दाखवायचा. महिनोन् महिने चालून थकल्यावर, भाषा न समजणाऱ्या मुलखात आपल्या आजोबांचे अक्षर समोर आल्यावर त्या माणसाला काय वाटले असेल! त्या एका पानाने परका माणूस घरचा होई.

नाशिक-त्र्यंबकेश्वरला या वह्यांना नामावळी म्हणतात. येणाऱ्याने आपले नाव, गाव, भाऊ, मुले यांची नोंद करायची आणि खाली सही ठोकायची. जुन्या नोंदी मोडीत सापडतात. पुष्कळदा त्यात एक छोटा करारही असे: अमुक हे आमचे तीर्थोपाध्याय, आमच्या वंशातला जो कोणी येईल त्याने यांनाच मानावे. हा लेख हाती असला, की त्या घराण्याचे यजमानपण त्या उपाध्यायाच्या वंशाकडे पिढ्यान् पिढ्या चाले. ही वृत्ती वतनासारखी मानली जाई. भावाभावांत तिची वाटणी होई, ती गहाण पडे, विकलीही जाई, आणि यजमान कोणाचा यावरून भांडणे थेट न्यायाधीशापुढे जात.

यात पैशांचा व्यवहार उघड होता, पण व्यवसायाची सगळी ताकदही त्यातच होती. यजमान आज नाराज होऊन गेला, तर त्याचा मुलगा, भाऊबंद, गावकरी, सगळेच दुसऱ्याचा झेंडा शोधणार. म्हणून उतरायला जागा, शिधा, भांडी, जळण, नाव, न्हावी, आजारपणात वैद्य आणि वाटेतच कोणी गेला तर त्याची शेवटची क्रिया, एवढे सगळे उपाध्यायाच्या अंगावर असे. सोबत फार रोकड बाळगणे धोक्याचे. हुंडी असेल तर ती कोणत्या सावकाराकडे वटवायची, कोणते नाणे बट्ट्याने जाते, कर कुठे आणि किती द्यायचा, हे तोच सांगे. लुटल्या गेलेल्या यजमानाला उसने पैसेही मिळत. पुढे उपाध्यायाचा गुमास्ता महाराष्ट्रात फेरीवर आला, की गंगाजलाच्या कुपीबरोबर तो हिशेबही पुरा होई.

आणि त्याला यजमानांचे रिवाज ठाऊक असत. प्रयागला मराठी सुवासिनी वेणीदान करते. नवरा तिची वेणी घालतो, टोकाचे थोडे केस कापतो आणि ते त्रिवेणीत सोडतात. उत्तरेतल्या यजमानांचे विधी वेगळे. महाराष्ट्रातून आलेल्या जोडप्यापुढे काय मांडायचे, कोणता शब्द मराठीत सांगायचा, हे प्रयागच्या उपाध्यायाला पाठ असे. गाव तिथले आणि जाण यजमानाची, दोन्ही एकाच माणसात. चांगल्या वाटाड्याची याहून नेमकी कसोटी अजून तरी कोणी काढलेली नाही.

काही वेळा तर हा माणूस मुळात आपल्याकडचाच असे, फक्त काही पिढ्या आधी तिकडे गेलेला. वाघोलीहून नगर रस्त्याने पुढे जात राहिले, तर गोदावरीच्या पट्ट्यात पैठण आणि कायगाव ही दोन गावे लागतात. काशीत मराठी माणसाचे बस्तान बसवण्यात या दोन गावांनी फार मोठे काम केले आहे. पैठणच्या घराण्यातले रामेश्वरभट्ट काशीला गेले. त्यांचे चिरंजीव नारायणभट्ट, जन्म 1513. त्यांनी 'त्रिस्थलीसेतु' हा संस्कृत ग्रंथ रचला. प्रयाग, काशी आणि गया या तिन्ही क्षेत्रांत यात्रेकरूने काय करावे, कोणत्या क्रमाने करावे, कशाला शास्त्राधार आहे, याची ही तपशीलवार मांडणी. उपाध्यायांच्या हाती त्यातून एक भरवशाचे मार्गदर्शन आले. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी 1674 साली रायगडावर आलेले गागाभट्ट हे याच नारायणभट्टांचे पणतू.

कायगावचे नारायण दीक्षित पाटणकर हे पेशव्यांचे गुरुस्थानी असलेले विद्वान. ते 1730 च्या दशकात काशीत जाऊन राहिले. ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट यांच्या उभारणीशी त्यांचे नाव जोडलेले आहे. या घाटांच्या आसपास मराठी वस्ती वाढली आणि यात्रेकरूला गंगेच्या काठी मराठी बोलणारी आळी सापडू लागली. दीक्षितांची आणि त्यांच्या मुलांची काशीहून आलेली पत्रे पेशवे दप्तरात आहेत. तिकडच्या मुलखाची खबर पुण्याला पोहोचण्याचा तो एक मार्गच होता. दक्षिणेलाही असेच. रामेश्वरमच्या देवळात पूजा करणारे पुजारी मूळचे महाराष्ट्रातले. काशीची गंगा घेऊन रामेश्वरापर्यंत गेलेल्या मराठी यात्रेकरूला तिथेही ओळखीची एक खूण सापडे.

परमुलखातल्या माणसावर किती विश्वास टाकता येतो, याची सर्वांत कठीण परीक्षा 1666 साली झाली. आग्र्याहून निसटल्यावर शिवाजी महाराजांनी नऊ वर्षांच्या संभाजीराजांना मथुरेत ठेवले, ते मोरोपंत पिंगळ्यांच्या तिथे राहणाऱ्या मेहुण्यांकडे. मोगली पहारे सगळीकडे शोध घेत असताना त्या भावांनी मुलाला सांभाळले आणि सुखरूप राजगडाला पोहोचवले. सभासदाच्या बखरीत त्यांना मिळालेल्या 'विश्वासराव' या किताबाचा उल्लेख येतो.

वाघोलीपासून तुळापूर फार दूर नाही. भीमा-इंद्रायणीच्या संगमावरच्या या गावात संभाजी महाराजांबरोबर कवी कलशांचेही स्मरण होते. ते कनोजी ब्राह्मण, आणि प्रयागला भोसले घराण्याचे तीर्थोपाध्याय त्यांच्या घरचे, असे परंपरा सांगते. संभाजी महाराजांनी त्यांना छंदोगामात्य केले. परप्रांतातून आलेला हा माणूस छत्रपतींच्या इतका जवळ गेला, हे दरबारातल्या कित्येकांना रुचले नाही, आणि बखरकारांनी 'कलुषा' म्हणून त्यांचे नावही काळे केले. पण 1689 च्या मार्चमध्ये औरंगजेबाच्या छावणीत हाल होत असताना ते धन्याला सोडून गेले नाहीत. दोघांचाही शेवट तिथेच झाला. यजमान आणि उपाध्याय या नात्याचा असा शेवट दुसरीकडे कुठे वाचायला मिळत नाही.

सगळेच उपाध्याय असे नव्हते, हे सांगायलाच हवे. गयेचे गयावळ तर त्यांच्या ऐश्वर्यासाठी नावाजलेले. गयेत पिंडदान झाले, की शेवटी अक्षयवटाखाली गयावळाने 'सुफल' म्हणायचे असते. त्याच्या तोंडून तो शब्द निघेपर्यंत श्राद्ध पुरे झाले, असे यजमानाला वाटत नाही. नेमक्या या क्षणी दक्षिणेची घासाघीस चाले. आईबापांच्या सद्गतीचा प्रश्न. माणूस तिथे किती ताणणार? कित्येकांनी वचनचिठ्ठ्या लिहून दिल्या आणि कर्ज डोक्यावर घेऊन घरी आले. जो ठिकाणाचा जाणता, तोच अडवणूक करण्याच्या जागीही असतो. या व्यवसायात ही खोट अगदी पायातच आहे.

सरकारही यात मागे नव्हते. गया, प्रयाग, पुरी या क्षेत्रांतला यात्राकर कंपनी सरकारने पुढे चालू ठेवला होता. तो 1840 साली उठला.

फौजेच्या सोबतीने जाणे, हा दुसरा मार्ग होता. 1760 साली सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे निघाले, तेव्हा हजारो यात्रेकरू लष्कराबरोबर चालू लागले. तोफा आणि स्वार असताना वाटाड्याची काय गरज, असा तो हिशेब. कोवळ्या वयाचे नाना फडणीसही आईला घेऊन त्यांत होते. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर सगळे उधळले. नाना कसेबसे परतले, आई परतल्या नाहीत. त्यांच्या आत्मचरित्रातली ही हकिकत आजही सुन्न करते. लष्कराला मुलूख जिंकायचा असतो. त्या मुलखातून माणसाला सुखरूप बाहेर काढणे हे निराळे काम आहे.

वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली चुलत्यांबरोबर निघाले, ते ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, या आशेने. महूच्या सुमारास बंडाची वार्ता त्यांच्या कानी आली आणि पुढचा सारा प्रवास त्या धामधुमीत झाला. झाशीच्या वेढ्यात ते गावातच अडकले होते. लुटले गेले, पुन्हा उभे राहिले, शेवटी गंगेची कावड खांद्यावर घेऊन वरसईला आले आणि आईवडिलांना गंगास्नान घातले. चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी ही कहाणी लिहिली, ती 'माझा प्रवास' या नावाने 1907 साली छापून आली. त्यात पानोपानी दिसते, ते ओळखीचे महत्त्व. अनोळखी शहरात पोहोचल्यावर पहिला शोध कोकणातल्या, देशावरच्या एखाद्या घराचा. ते सापडले, की पुढची वाट सापडली.

1870 साली मुंबईहून जबलपूरमार्गे अलाहाबादपर्यंत सलग रेल्वे सुरू झाली आणि महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला. यात्रेकरू वाढले, तसे स्टेशनावर त्यांना गाठणारे दलालही वाढले. वहीतला यजमान कोण आणि दलालाने पळवलेला कोण, याचा घोळ इथे सुरू झाला. पूर्वी माणूस आजोबांच्या सहीपर्यंत जाई. आता फलाटावर जो आधी हात धरेल, त्याच्या मागे जाऊ लागला. ज्याला पुन्हा भेटायचेच नाही, त्याच्याशी नीट वागण्याचे बंधन कशाला? तीर्थक्षेत्री फसवणूक होते, ही जी बोलवा झाली, तिला या घाईनेही मोठा हातभार लावला.

मुंबई बंदरातून त्याच काळात आणखी एक मोठी यात्रा निघत होती. हजला जाणारे कोकणी मुसलमान, दख्खनी, गुजराती बोटीने जेद्दाहला उतरत. मक्केत त्यांना मुअल्लिम सांभाळी. राहणे, उंट, विधींचा क्रम, भाषा, सगळे त्याच्याकडे. कोणत्या मुलखाचे हाजी कोणत्या मुअल्लिमाचे, हे ठरलेले असे आणि हा हक्क बापाकडून मुलाकडे जाई. काशीचा उपाध्याय आणि मक्केचा मुअल्लिम यांची धर्मशास्त्रे वेगळी, पण धंद्याची घडण जवळजवळ एकच. थॉमस कुक कंपनीला 1880 च्या दशकात सरकारने हजच्या प्रवासाची एजन्सी दिली; थोड्याच वर्षांत ती गुंडाळावी लागली. तिकीट आणि बोट यांपलीकडचे जे काम मुअल्लिम करत होता, ते कंपनीच्या कचेरीतून होण्यासारखे नव्हते.

समुद्र ओलांडून युरोप-अमेरिकेत जाणाऱ्या मराठी माणसाला ना वही होती, ना झेंडा. आनंदीबाई जोशी 1883 साली अमेरिकेला निघाल्या. तिथे कार्पेंटरबाईंचे घर त्यांचे झाले. लंडनमध्ये 1932 साली महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले आणि नव्याने येणाऱ्यांना खोली कुठे मिळेल, डाळ-तांदूळ कुठे मिळतील, हे सांगणारे आपले लोक तिथे भेटू लागले. ब्रह्माघाटावर दीक्षितांनी जे केले, तेच पुन्हा टेम्सकाठी घडत होते, फक्त दक्षिणा नव्हती.

पुढे सहल हा मराठी मध्यमवर्गाचा मोठा उद्योग झाला. केसरी पाटील यांनी 1984 साली आपली कंपनी काढली. वीणा पाटील यांनी 2013 साली वीणा वर्ल्ड. या सहलींनी एक नवा माणूस घडवला: मुंबई-पुण्याहून गटाबरोबरच निघणारा, मराठी बोलणारा, आजीच्या गोळ्यांपासून जेवणातल्या वरण-भातापर्यंत सगळ्याची काळजी वाहणारा टूर मॅनेजर. ज्यांनी एरवी कधी मुंबईपलीकडे पाऊल टाकले नसते, अशी हजारो माणसे त्याच्या भरवशावर स्वित्झर्लंड पाहून आली. हे श्रेय त्याचेच. पण तो त्या गावचा नाही. रोमच्या एका गल्लीत कोणता दरवाजा दुपारी उघडतो, कोणत्या दुकानात भाव चढे, हे त्याला दरवर्षी दोन-चार दिवस राहून जेवढे कळेल, तेवढेच कळते. म्हणून इटलीसारख्या देशात कायद्यानेच स्मारकांची माहिती सांगण्याचे काम परवानाधारक स्थानिक गाईडकडे ठेवले आहे. 2023 च्या डिसेंबरमधल्या कायद्याने त्यांच्यासाठी देशपातळीवरची नोंद आणि परीक्षाही आणली.

आज कोलोसियमसमोर एखादा मराठी गट उभा असतो, तेव्हा जुन्या उपाध्यायाचे काम दोघांत वाटलेले असते. इटालियन गाईड इंग्रजीत दोन हजार वर्षे सांगत असतो, सगळ्यांच्या कानाला यंत्र लावलेले असते, आणि मागच्या रांगेत टूर मॅनेजर कुणाला तरी हळू आवाजात मराठीत समजावत असतो. दोघेही आपापल्या जागी चांगले असू शकतात. पण पर्यटकाने सावध राहायचे ते त्यांच्या मधल्या फटीबद्दल: गाईडला गट कुठून आला हे माहीत नसते आणि मॅनेजर त्याला थांबवून विचारत नाही. ज्यांनी स्वतंत्रपणे गाईड घेतला आहे, अशी पुण्यातली जाणती मंडळी आधी फोनवर बोलून घेतात. घरातले वडीलधारे किती चालू शकतील, कोणाला इतिहासात रस आहे, शाकाहारी जेवण कुठे मिळेल, दुकानात नेणार का आणि नेले तर त्यात त्याचे काय, हे आधीच विचारतात. जो गाईड उलट त्यांनाही चार प्रश्न विचारतो, त्यालाच ठरवतात.

वह्या अजून आहेत. हरिद्वारच्या वह्यांचे मायक्रोफिल्मिंग अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने केले. नाशिकच्या रामकुंडावर आणि त्र्यंबकला नामावळ्या आजही उघडल्या जातात. परदेशात वाढलेली नातवंडे रजेत आजी-आजोबांबरोबर येतात, पाच-सहा पिढ्यांची नावे ऐकतात आणि खाली आपलेही नाव लिहितात. गावाच्या रकान्यात काय लिहायचे, पूर्वजांचे खेडे की आपले हल्लीचे शहर, यावर तिथे थोडी चर्चा होते. उपाध्ये दोन्ही लिहायला सांगतात.